घरची परसबाग आणि लहान मुले

परसबाग लावा, असे सांगणे सोपे आहे. ती शिमग्यापर्यंत टिकविणे अवघड आहे. शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत मृगाच्या सुमारास पुष्कळ घरांच्या मागे भेंडी, दोडका, मेथी यांचे बी टाकले जाते. दिवाळीपर्यंत त्यात तण माजते आणि माघात तेथे दोडक्याचे वाळलेले वेल तेवढे उरतात. कारण विचारले असता बहुतेक ठिकाणी "पाणी पुरत नाही" असे उत्तर मिळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. बाग सुकते ती मुख्यतः तिच्याकडे रोज पाहणारे कोणी नसते म्हणून. घरातील कर्ती माणसे उसाच्या लागणीत, कांद्याच्या काढणीत आणि दुधाच्या धारेत गुंतलेली असतात. घरी राहतात आजी आणि तीन ते सात वर्षांची मुले. ज्यांच्यापाशी वेळ आहे त्यांच्या हाती परसबाग सोपवावी आणि ती त्यांच्या मापाने आखावी, एवढीच या लेखातील सूचना आहे.

ही हौसेची बाब नव्हे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत हे त्यांपैकी एक होय. परंतु ताटात पालेभाजी नसणे हे कारण आपल्या हातातले आहे. लहान मुलास दररोज सुमारे ५० ग्रॅम पालेभाजी मिळावी, असे आहारशास्त्र सांगते. आठवडे बाजारातून आणलेली जुडी दुसऱ्या दिवशी मलूल होते. पुढील पाच दिवस कालवणात डाळ आणि बटाटाच राहतो. शिवाय पालेभाजी पाहून तोंड फिरविणारे मूल आपण स्वतः पेरलेली मेथी मात्र चाखून पाहते. प्रत्येक मूल पहिल्याच घासाला खाईल असे नाही. पण ते चाखण्यास तयार होते, आणि आईचे निम्मे काम तेथेच होते.

मुलांना मातीत हात घालू देऊन शिकविण्याची कल्पना या भागास नवी नाही. दौंड तालुक्यातील केडगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी माळरानाची जमीन घेऊन विहिरी खणविल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार स्त्रिया व मुली तेथे राहिल्या आणि त्यांच्या शिक्षणात शेतीकामालाही स्थान मिळाले. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. या दोन्ही ठिकाणी मुले थोडी मोठी होती. त्याहून लहान मुलांसाठी घरचे परस हीच जागा होय.

आता पाण्याचा हिशेब पाहू. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील आहेत. पाऊस वर्षाकाठी साधारणतः ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर आणि तोही बेभरवशाचा. तेव्हा पिण्याचे पाणी बागेस घालावे असे कोणी सुचविणार नाही. परंतु पाच माणसांच्या घरात अंघोळीस माणशी १५ लिटर धरले तरी ७५ लिटर पाणी न्हाणीतून वाहून जाते. भांडी विसळण्याचे २५ लिटर निराळेच. हिवाळ्यात भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यास दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी लागते. मुलांसाठी अडीच फूट रुंद व चार फूट लांब असे चार वाफे केले, तर ते सारे मिळून चार चौरस मीटरही भरत नाहीत. त्यांना दिवसाला २० लिटर पाणी पुरते, म्हणजे भांडी विसळल्याचे पाणीच पुष्कळ झाले. चैत्र-वैशाखात ही गरज दुपटीजवळ जाते, हे ध्यानात ठेवावे.

पाणी कोणते कोठे घालावे यात मात्र गल्लत करू नये. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी पालेभाजीस घालू नये. त्यातील सोड्याने माती घट्ट होते. दौंडच्या कालव्याखालील चोपण होऊ लागलेल्या काळ्या जमिनीत तर हे लवकर घडते. न्हाणीचे साबणमिश्रित पाणी चर काढून केळ, अळू व शेवगा यांकडे न्यावे. तान्ह्या मुलाचे लंगोट धुतलेले पाणी वाफ्यात मुळीच सोडू नये. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेच्या प्रवाहातून दौंड तालुक्यात येते. नदीकाठच्या गावांनी त्या पाण्यावर मुळा, कोथिंबीर, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या भाज्या घेऊ नयेत.

वाफ्याची रुंदी अडीच फूट सांगितली, त्यास कारण आहे. चार वर्षांच्या मुलाचा हात बसल्या जागेवरून सव्वा फुटाच्या पलीकडे नीट पोहोचत नाही. वाफा रुंद असला की मूल आत उतरते, रोपे तुडवते आणि बोलणी खाते. दोन्ही बाजूंनी हात पोहोचला म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट ठेवावी. शिरूरच्या हलक्या मुरमाड जमिनीत प्रत्येक वाफ्यात दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे व वाफा किंचित खोलगट ठेवावा, म्हणजे पाणी धरून राहते. काळ्या भारी जमिनीत उलट गादीवाफा करून तो वीतभर उंच घ्यावा. ताजे शेण मुलांच्या वाफ्यात कधीही घालू नये. खत-मातीत काम झाल्यावर साबणाने हात धुण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावावी. अवजारे म्हणाल तर एक तांब्या, तळाला भोके पाडलेला डबा आणि बोथट केलेले जुने खुरपे एवढी पुरेत.

बियांची निवड मुलाच्या धीराकडे पाहून करावी. मोठ्यांस धणे पेरून दहा-बारा दिवस वाट पाहता येते. चार वर्षांचे मूल चौथ्या दिवशी माती उकरून पाहते. म्हणून आरंभ मुळा, मेथी व चवळी यांनी करावा. या तिन्हींचे कोंब तीन ते पाच दिवसांत वर येतात. मेथी सुमारे महिन्याने काढणीस येते, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. मूल रुळल्यावर धणे घ्यावेत. ते चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कराव्यात व रात्रभर भिजवून पेरावेत. ओळी वाकड्या आल्या तरी त्या वडीलमाणसांनी पुन्हा सरळ करीत बसू नये. उगवायचे ते वाकड्या ओळीतही उगवते, आणि आपण केलेले मोडले गेले असे मुलास वाटले की ते पुन्हा तेथे येत नाही.

चारही वाफे एकदम पेरू नयेत. दर आठ दिवसांनी एक वाफा पेरावा. अशा एका वाफ्यातून मेथी किंवा माठ पाऊण किलोच्या आसपास मिळतो. महिन्याने पहिला वाफा मोकळा होतो, तोवर दुसरा तयार होत असतो. आठ दिवसांस पाऊण किलो म्हणजे दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम. घरातील दोन लहान मुलांची पालेभाजी त्यातून भागते. मेथीचे बी वाफ्यास चहाचे एक-दीड चमचे पुरे. माठाचे बी बारीक असल्याने ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून टाकावे, अन्यथा एकाच ठिकाणी गर्दी होते. कुंपणालगत वाल, दोडका व कारले यांचे वेल चढवावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कारल्याचे 'फुले ग्रीन गोल्ड' व काकडीचे 'हिमांगी' हे वाण आपल्या भागास योग्य आहेत. शेवग्याचे एक झाड असावेच. त्याच्या शेंगांपेक्षाही पाला मुलांच्या अधिक कामाचा आहे.

येथे एका गोष्टीकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. पाकिटातून मिळणारे पुष्कळसे बी थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते. गुलाबी, लाल, हिरवा वा निळा रंग ही त्याची खूण होय. असे बी मुलांच्या हाती देऊ नये. मुले ते तोंडात घालतात. परसबागेची पाकिटे वाटताना घरी लहान मूल आहे काय, हे विचारावे. असल्यास रंगीत बी मोठ्यांनी पेरावे आणि मुलांसाठी घरातील डब्यातले मेथ्या, धणे, चवळी किंवा वाल वापरावेत. ते उत्तम उगवतात.

मावा पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. मुंग्या बी नेत असतील तर वाफ्याभोवती राखेची रेघ ओढावी. हे काम मुले आनंदाने करतात. फवारणी मात्र मोठ्यांनीच करावी. झाडपाल्याचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. निंबोळीचे तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. शेतीची रासायनिक औषधे परसबागेत आणूच नयेत. रिकामे डबे व बाटल्या पाणी घालण्यासाठी वापरू नयेत, धुऊनसुद्धा नाही. दुर्दैवाने मुलाच्या पोटात औषध गेलेच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली लेबलासह दवाखान्यात न्यावी.

आपण काही फवारले नाही तरी शेजारच्या उसावरचे औषध परसात येते, हाही अनुभव या दोन तालुक्यांत आहे. उसातील तण मारण्यासाठी २,४-डी हे तणनाशक वापरतात. वाऱ्यावर आलेला त्याचा तुषार भेंडी, टोमॅटो, वाल यांवर पडला की शेंडे पिळवटतात, पाने अरुंद व आखडलेली येतात. पुष्कळजण यास रोग समजून आणखी एक औषध फवारतात. अशा वेळी ती झाडे उपटून टाकावीत व त्यांची भाजी मुलांस देऊ नये. शेजाऱ्याशी भांडण न करता, वारा पडलेला असताना व नोझल खाली धरून फवारण्याची विनंती करावी. गावच्या बैठकीत कार्यकर्त्याने हा विषय काढला तर एकट्या घरावर बोलण्याची पाळी येत नाही.

पाणी घालण्याची वेळ सांगताना आम्ही पूर्वी "सायंकाळी घालावे" असे सांगत असू. बाष्पीभवनाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तथापि शिरूर तालुक्यात उसाच्या आश्रयाने राहणाऱ्या बिबट्यांचे माणसांवर हल्ले झाले असून २०२५ साली पिंपरखेड परिसरात लहान मुले त्यांना बळी पडली. उसाला लागून ज्यांचे परस आहे त्यांनी मुलांस दिवस मावळताना तेथे कदापि पाठवू नये. सकाळी ऊन वर आल्यावर, आजीच्या देखत, पाव तास काम पुरे. थोडे पाणी अधिक उडाले तरी चालेल. वाफे घराच्या बाजूस, दारातून दिसतील असे असावेत. कंपोस्टचा खड्डा व काटक्यांचा ढीग दूर असावा, कारण विंचू-सापांची ती आवडती जागा. पाण्याचा हौद व पिंप झाकलेले असावे. शेततळ्यातून पाणी आणण्यास मुलांना मुळीच सांगू नये. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याच्या निसरड्या काठावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

भाजी हाती आली म्हणजे काम संपले असे नाही. पालकातील लोह शरीरास फारच थोडे लागते. मेथी, माठ व शेवग्याचा पाला आलटून पालटून द्यावा आणि वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अधिक प्रमाणात लागते. भाजीस चमचाभर तेलाची फोडणी असावी. पालेभाजीतील 'अ' जीवनसत्त्व त्यामुळे अंगी लागते. शेवग्याचा पाला बारीक चिरून बाजरीच्या भाकरीच्या पिठात मळला तर मुलांना कळतही नाही. याउलट जेवणाबरोबर मुलांस चहा देण्याची आपल्याकडील रीत सोडावी. चहाने लोह शोषले जाण्यास अडथळा येतो. वाफ्यावर महिनाभर केलेली मेहनत एका कपबशीत निम्मी वाया जाते.

उन्हाळ्यात चार वाफ्यांपैकी दोनच चालू ठेवावेत. शेवग्याच्या विरळ सावलीत माठ येतो, उघड्यावर गवार व भेंडी येतात. जमीन उसाच्या पाचटाने झाकली तर पाण्याची बरीच बचत होते. बाकीचे दोन वाफे उन्हात तापू द्यावेत. त्याच सुमारास कुंपणावरील वालाच्या शेंगा वाळतात. प्रत्येक मुलाला एकेक वेल नेमून द्यावा आणि त्यावरच्या सर्वांत भरदार अशा दहा शेंगा न तोडता राखण्यास सांगावे. त्या वाळल्यावर मुलाकडूनच सोलून घ्याव्यात, दोन दिवस उन्हात ठेवून राखेत घोळवाव्यात आणि मुलाचे नाव लिहिलेल्या झाकणाच्या डब्यात, उतरंडीच्या वरच्या कोरड्या जागी ठेवाव्यात. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर डबा मुलाच्या हाती द्यावा.