मेंदूच्या विकारांचे संशोधन : प्रश्न कोणी निवडावा?

वैद्यकीय संशोधन रुग्णांवर होते, रुग्णांसाठी होते आणि रुग्णांसहही होऊ शकते. पहिल्या दोन प्रकारांची परंपरा जुनी आहे. तिसरा प्रकार एक पद्धती म्हणून गेल्या काही दशकांतच रूढ झाला. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या संशोधनात रुग्णांना व सामान्य नागरिकांना सामील करून घेण्यासाठी १९९६ मध्ये एक सल्लागार मंडळ नेमण्यात आले, हा त्यातील एक महत्त्वाचा टप्पा होय.

येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट करावयास हवा. तपासणीसाठी रक्त देणारा किंवा नवे औषध घेऊन पाहणारा रुग्ण संशोधनात भाग घेतो, हे खरे. परंतु काय शोधावे, कशाचे मोजमाप करावे आणि निष्कर्ष कोणत्या शब्दांत मांडावेत, हे ठरविण्यात त्याचा वाटा असेल तरच त्यास संशोधनाचा भागीदार म्हणता येईल. प्रस्तुत विवेचन ह्या भागीदारीविषयी आहे.

मेंदूच्या विकारांत ही भागीदारी जितकी आवश्यक, तितकीच ती दुर्घट आहे. हाड मोडले तर ते क्ष-किरणचित्रात दिसते. स्मृतिभ्रंशाने दैनंदिन जीवन नेमके कोठे विसकटते, ते कोणत्याही चित्रात दिसत नाही. १९७५ पासून प्रचारात आलेल्या तीस गुणांच्या सुप्रसिद्ध चाचणीत तारीख, स्थळ, शब्दांचे स्मरण, वजाबाकी इत्यादी गोष्टी तपासल्या जातात. परंतु रुग्ण आपल्या हाताने जेवतो काय, रात्री-अपरात्री घराबाहेर पडतो काय, हे त्या गुणांवरून कळत नाही. ते त्याला व त्याच्या घरच्या माणसांना ठाऊक असते. उलटपक्षी, स्मृती व वाणी क्षीण करणे हेच ह्या रोगाचे लक्षण असल्यामुळे, ज्याचे मत घ्यावयाचे त्याची मत सांगण्याची शक्तीच कालांतराने नाहीशी होत जाते.

ह्या अडचणीतून मार्ग कसा काढता येतो, हे ब्रिटनमधील एका उदाहरणावरून दिसेल. जेम्स लिंड ह्या नौदलाच्या शल्यवैद्याने १७४७ मध्ये स्कर्व्हीने आजारी असलेल्या बारा खलाशांवर निरनिराळ्या उपचारांची तुलना केली होती. त्याच्या नावाने २००४ मध्ये स्थापन झालेली ‘जेम्स लिंड अलायन्स’ ही संस्था एखाद्या रोगाविषयीचे अनुत्तरित प्रश्न रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आप्त आणि चिकित्सक ह्यांच्याकडून मागविते. ज्यांची उत्तरे पूर्वीच्या संशोधनातून मिळालेली आहेत, ते प्रश्न गाळले जातात. उरलेल्यांतून तिन्ही वर्गांचे प्रतिनिधी एकत्र बसून पहिले दहा निवडतात. जे केवळ संशोधक आहेत, चिकित्सक नाहीत, त्यांना ह्या निवडीत मत नसते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

स्मृतिभ्रंशाविषयीची अशी यादी अल्झायमर्स सोसायटीच्या सहकार्याने २०१३ मध्ये पूर्ण झाली. दीड हजारांहून अधिक प्रश्नावल्या व त्यांतून चार हजारांवर प्रश्न जमा झाले होते. पहिल्या दहांत पुढील विषय आढळतात : रुग्णाचे स्वावलंबन शक्य तितके टिकविणारी शुश्रूषा कोणती, इस्पितळात त्याची काळजी कशी घ्यावी, त्याने पुरेसे खावे-प्यावे म्हणून काय करावे, शुश्रूषा-गृहात हलविण्याची योग्य वेळ कोणती. पार्किन्सनच्या विकाराविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीतही सामान्यतः ह्या रोगाची खूण मानला जाणारा कंप अग्रस्थानी नाही. तेथे पहिला प्रश्न तोल जाऊन पडण्याचा असून दुसरा मानसिक ताण व चिंता ह्यांचा आहे. मेंदूतील प्रथिनांचे संशोधन निरर्थक आहे, असा ह्याचा अर्थ नव्हे. रोगाबरोबर आज जगणाऱ्यांचे प्रश्न त्या संशोधनाच्या कक्षेबाहेर राहतात, इतकेच त्यातून सिद्ध होते.

आपल्याकडे, गोव्यात, झालेले कार्यही ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स ह्यांनी वृद्धांशी व आरोग्यसेवकांशी केलेल्या गटचर्चांवर आधारलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांच्या परिचयाची होती. तथापि तो रोग न मानता वार्धक्याचा स्वाभाविक भाग किंवा मुलांनी केलेल्या उपेक्षेचे फळ मानण्याकडे त्यांचा कल होता. अशा समाजात रुग्ण आपण होऊन वैद्याकडे येईल, ही अपेक्षाच व्यर्थ ठरते. २००८ मध्ये गोव्यातीलच ८१ कुटुंबांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत अल्प प्रशिक्षण घेतलेले स्थानिक सल्लागार घरोघर जाऊन माहिती व आधार देत असत. शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य त्यामुळे सुधारल्याचे दिसून आले. ह्यास पूर्ण भागीदारी म्हणता येणार नाही; तथापि आधी लोकांचे म्हणणे ऐकावयाचे व मग उपाय तपासावयाचा, हा क्रम अनुकरणीय आहे.

ह्या पद्धतीवर तीन आक्षेप संभवतात. सामान्य माणसास संशोधनपद्धती कळत नाही, हा पहिला. परंतु प्रश्नाची निवड हा सर्वस्वी तांत्रिक विषय नाही. पद्धतीचा निर्णय तज्ज्ञांकडेच राहतो. बैठकीस येणारे लोक बहुधा सुशिक्षित व रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील असतात, हा दुसरा; आणि रुग्णाऐवजी आप्तच बोलतात, हा तिसरा. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. रुग्णाला हवे असते स्वातंत्र्य, तर आप्ताला त्याची सुरक्षितता. दोघांची मते एकच समजल्यास दुर्बलाचा आवाज लोपतो. म्हणून ती स्वतंत्रपणे नोंदविली पाहिजेत. चर्चा लहान गटात, परिचित स्थळी व थोडा वेळ ठेवावी, आणि निरक्षरांकडे छापील प्रश्नावलीऐवजी माणूस पाठवावा.

भारतात २०१९ च्या नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीच्या नियमांनुसार नैतिकता समितीवर एक सामान्य नागरिक असणे बंधनकारक आहे. परंतु त्याच्यासमोर येतो तो तयार झालेला आराखडा. त्यास तो मान्यता देऊ शकतो वा हरकत घेऊ शकतो, पण तोवर मूळ प्रश्न ठरून गेलेला असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधाचा विषय निश्चित करण्यापूर्वीच काही रुग्णांच्या व त्यांच्या आप्तांच्या घरी जावे, आणि त्या भेटींमुळे मूळ प्रश्नात कोणता बदल झाला, ते प्रबंधात नमूद करावे. काहीच बदल झाला नसेल, तर तेही लिहावे. त्यावरून ती भागीदारी खरी होती की नाममात्र, हे वाचकास ठरविता येईल.