डाग पुसता येतो, कोपर नाही

लग्नाच्या बायोडेटासाठी काढलेला फोटो घरी आला की पहिली सूचना येते, 'थोडं टचिंग करून घ्या.' जे खटकतं ते सगळं संगणकावर नीट होईल, असं धरूनच ती आलेली असते. मुरुमाच्या बाबतीत ते खरंही आहे. फोटोशॉपमधला हीलिंग ब्रश डागाशेजारच्या त्वचेचा पोत उचलून डागावर बसवतो आणि तिथल्या रंगाशी, उजेडाशी जुळवून घेतो. ही शेजारून केलेली उसनवारी. गालावर शेजार मुबलक, म्हणून काम मिनिटभराचं. पण चष्म्याच्या काचेवर दिव्याची चमक येऊन डोळाच झाकला गेला असेल, तर उसनं आणायचं कुठून? तो डोळा फोटोत उतरलेलाच नाही. फोटो काढताना चष्म्याच्या काड्या कानांवर जराशा उचलल्या असत्या, तर काचा खाली झुकून चमक निघून गेली असती. पोर्ट्रेटमधले चिवट दोष बहुतेक असेच, बसण्याचे आणि कपड्यांचे असतात. म्हणून रिटचिंगला बसावं ते दोष झाकण्यापेक्षा ते ओळखायला शिकण्यासाठी.

पैठणी नेसून काढलेला फोटो घ्या. दंड अंगाला चिकटलेला असला की दबून पसरतो आणि आहे त्याहून जाड दिसतो. मग फोटोशॉपमधल्या लिक्विफाय या साधनाने तो आत ढकलला जातो. त्वचा निमूटपणे आत जाते, पण ब्लाउजच्या बाहीचा काठ लाटेसारखा वळतो आणि चोरी उघडी पडते. दंड खरा किती जाड हे बघणाऱ्याला ठाऊक नसतं; काठ सरळ असतो हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं. चौकटीच्या शर्टाचीही तीच गत. यावर उपाय म्हणजे कोपर अंगापासून दोन बोटं दूर धरणं, बस्स. कोट घालून बसलेल्या माणसाचे खांदे वर चढतात आणि कॉलर मानेपासून सुटते. कोटाची मागची बाजू खाली ओढून तिच्यावरच बसलं की कॉलर जागेवर येते. पांढऱ्या कुर्त्याची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी धरून उजेड ठरवतं, त्यामुळे चौकट पांढऱ्या कापडाने भरली की ते उजेड कमी करतं आणि चेहरा काळवंडतो. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांत हे कमी होतं, संपत मात्र नाही. 'जरा गोरं करा' या मागणीमागे रंगाबद्दलचा आपला जुना पूर्वग्रह आहेच. पण कधी कधी ती निव्वळ कमी उजेडाची तक्रार असते, आणि स्टुडिओ तिला नको ते उत्तर देतो.

फोटो रिटच करण्याची ही खटपट आजची नाही. म्युनिकच्या फ्रान्झ हानफ्श्टेंगलने १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह मांडली, त्यानंतर काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवण्याची कला रूढ होत गेली. निगेटिव्हवर सुरकुतीची सावली पारदर्शक रेघ होऊन येते. ती शिशाने भरली की छापात उजळते. त्या पेन्सिलीने हात उचलून दुसरीकडे ठेवता येत नव्हता, म्हणून बसवण्याकडे लक्ष द्यावंच लागे.

आज एआय हवा तसा डोळा, हवी तशी मान काढून देतं, मग ही यातायात कशाला, असं कोणी विचारील. एआयने काढलेला डोळा शोभेल, पण तो फोटोतल्या माणसाचा नसेल. आणि बायोडेटातला फोटो पाहून माणसं प्रत्यक्ष भेटायला येणार असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सूचनांचा मारा झाला की माणूस आखडतो, हसू गोठतं. हे मान्यच करायला हवं. म्हणून आधी माणसाला सोडून बाकीचं हलवावं. दिवा सरकवावा, पदराच्या निऱ्या बसवाव्यात, कॅमेरा मागे न्यावा. नाक मोठं दिसण्याची तक्रार पुष्कळदा अंतराचीच असते. २०१८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या गणितानुसार १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासतं. चार पावलं मागे जायला समोरच्याला एक शब्दही सांगावा लागत नाही. राहता राहिली लग्नातल्या घाईची सबब. शेकडो फोटोंत तीच सुटलेली कॉलर पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात जाणारी रात्र मोजली, तर मांडवात कॉलर ओढायला लागणारे पाच सेकंद कुणालाही परवडतील.