कुत्र्यावर पिसू, जमिनीत पिढी

पिसू म्हणजे दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, पंख नसलेला, दोन्ही कुशींनी चपटा असा गडद तपकिरी कीटक. चपटेपणामुळे ती केसांच्या दाटीतून सुळकन निघून जाते. अंगावरचे मागे वळलेले राठ काटे तिला केसांत अडकवून ठेवतात, म्हणून कुत्र्याने कितीही खाजवले तरी ती सहसा पडत नाही. कवच इतके टणक की दोन बोटांच्या चिमटीत चिरडू म्हटले तर निसटते. नखावर नख ठेवावे लागते. मागचे पाय तर उडीसाठीच घडलेले. स्वतः तिळाएवढी असून ती एका उडीत वीतभर अंतर सहज कापते.

कुत्र्याच्या अंगावर काही वळवळताना दिसले की 'गोचीड झाले' असे म्हणून पुष्कळ जण मोकळे होतात. मोठ्या गोचिडाला आठ पाय असतात, तो एका जागी चिकटून रक्त पितो आणि फुगतो. पिसवेला सहा पाय, आणि ती एका जागी थांबत नाही. फरक नुसता नावाचा नाही, औषधाचाही आहे. गोचिडांसाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे अमिट्राझ पिसवांवर फारसे चालत नाही, आणि ते वापरून 'औषधाचा गुण आला नाही' म्हणणाऱ्याचे मुळात दुखणेच वेगळे असते. जाता जाता हेही सांगायला हवे की पिसाळलेला कुत्रा आणि पिसवा झालेला कुत्रा यांचा संबंध फक्त उच्चारापुरता. पिसाळणे हा रेबीज, आणि तो पिसवेमुळे होत नाही.

कुत्र्यावर सर्वाधिक आढळणारी पिसू शास्त्रज्ञांच्या लेखी मांजराची आहे: टेनोसेफॅलिडिस फेलिस. भारतात तिच्या जोडीला टेनोसेफॅलिडिस ओरिएंटिस ही तिची जवळची बहीण असते, आणि ती शेळ्या-मेंढ्यांवरही तितकीच पोसते. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यात एकाच अंगणात कुत्रा, दोन-चार शेळ्या आणि हक्काने येणारे-जाणारे मांजर असते. तिथे एकट्या कुत्र्याला औषध लावून शेळ्यांचा गोठा तसाच ठेवला, तर आठवड्यात सगळे पहिल्यासारखे होते.

खरा प्रश्न मात्र अंगणात किती जनावरे आहेत हा नाही, जमीन कशी आहे हा आहे. मादी पिसू कुत्र्याच्या अंगावर पहिले रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते आणि रोज चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटत नाहीत. गुळगुळीत, पांढरट, मिठाच्या कणाएवढी ती अंडी घरंगळून खाली पडतात. कुत्रा जिथे अंग टाकतो, जिथे उठून अंग झटकतो, तिथे पेरणी झालेली असते. काही दिवसांत त्यांतून केसासारख्या बारीक अळ्या निघतात. त्या उजेडाला भितात, म्हणून जमिनीच्या भेगांत, गोणपाटाच्या घडीत, फरशीच्या सांध्यांत, कुटाराच्या ढिगाखाली शिरतात. त्यांचा मुख्य आहार म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा, अर्थात वाळलेले रक्त. ते आईबापांच्या अंगाखालून आयतेच गळत असते. एक-दोन आठवड्यांत अळी रेशमी कोश विणते. कोश चिकट असल्याने त्यावर धूळ-माती बसते आणि तो मातीच्या कणासारखाच दिसू लागतो. हवा मानवली तर अंड्यापासून पिसवेपर्यंतचा सारा प्रवास तीन-चार आठवड्यांत उरकतो.

म्हणूनच पिसवांचा उपद्रव झालेल्या घरातली मोठी, रक्त पिणारी पिसू ही एकूण संख्येच्या सुमारे पाच टक्केच असते असा ठोकताळा आहे. उरलेली पंच्याण्णव टक्के पिढी अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात जमिनीत असते. कुत्र्याला आंघोळ घालून समाधान मानणे म्हणजे पीक कापून बी शेतात ठेवणे.

हवा मानवणे म्हणजे काय, हे बुलढाणा जिल्ह्यात घाटाच्या हिशेबाने समजते. घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यात येतात आणि मे महिन्यात तिथला पारा चाळिशीच्या बराच वर जातो. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावरचे तालुके त्या मानाने सुसह्य असतात. पिसवेच्या अळीला हवेतला ओलावा निम्म्याहून कमी झाला की जगता येत नाही, आणि तापमान सतत पस्तीस अंशांच्या वर राहिले तरी ती मरते. त्यामुळे वैशाखातले उघडे, रणरणते अंगण पिसवांचे स्मशान ठरते. पण सावलीत, माठाशेजारच्या ओलसर कोपऱ्यात, जाड मातीच्या भिंतींच्या घरात किंवा धाब्याखालच्या गारव्यात ती तग धरते. माणसाला उन्हाळ्यात जे घर सुखाचे वाटते, तेच पिसवेलाही वाटते. मग मृग बरसतो, हवेत ओल येते, तापमान पंचवीस-तीस अंशांवर स्थिरावते आणि आषाढ-श्रावणात संख्या भराभर वाढते. पावसाळ्यात कुत्र्याची खाज सुरू झाली की लोक चिखलाला दोष देतात. दोष ओलाव्याचा असतो.

कुत्र्याला पिसवा झाल्या आहेत की नाही हे ओळखायला पिसू दिसावीच लागते असे नाही. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केस दुभंगून पाहावे. मिरपुडीसारखे काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर ठेवावे. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. डाग पसरला नाही तर साधी माती. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. अशा कुत्र्याला एक-दोन पिसवाही पुरतात: तो कंबर चावून चावून केस घालवतो, कातडी लाल होते, फोड येतात, आणि घरचे त्याला 'खरूज' समजून गंधक किंवा तेल चोळत राहतात. लहान पिल्लांच्या बाबतीत धोका वेगळाच असतो. शेकडो पिसवांनी रक्त शोषले तर पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि ते रक्ताअभावी दगावूही शकते.

कुत्र्यावरचा उपाय साध्यापासून सुरू होतो. साबणाच्या किंवा कुत्र्यांसाठीच्या शॅम्पूच्या आंघोळीने अंगावरच्या पुष्कळ पिसवा जातात. आधी मानेभोवती फेसाचे कडे करावे, नाहीतर पाणी पडताच त्या डोक्याकडे, कानांकडे धावतात. नंतर उवांसाठीची बारीक दातांची फणी फिरवावी आणि प्रत्येक वेळी ती साबणाच्या पाण्यात बुडवावी. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून जाते. अगदी कोवळ्या पिल्लांसाठी फणी हाच मुख्य उपाय, कारण बहुतेक औषधांना वयाची अट असते.

आंघोळीचा परिणाम मात्र त्या दिवसापुरताच. टिकणारा परिणाम हवा तर फिप्रोनिलचा फवारा किंवा मानेवर टाकायचे थेंब, नाहीतर ॲफोक्सोलानर, फ्लुरालानर या गटातल्या चघळायच्या गोळ्या वापराव्या लागतात. थेंबांचा आणि ॲफोक्सोलानरच्या गोळीचा असर सुमारे महिनाभर राहतो, फ्लुरालानरच्या गोळीचा सुमारे बारा आठवडे. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते, वयावर किंवा अंदाजावर नाही. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. घरात मांजर असेल तर आणखी एक पथ्य: कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणे किंवा त्याचे अंग चाटणेही मांजराला महागात पडू शकते.

कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात सर्वांत जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे शेतीचे औषध. कोनाड्यात अर्धी उरलेली बाटली असते, 'किड्याचेच तर औषध आहे' असा हिशेब होतो आणि झाकणभर पाण्यात मिसळून ते कुत्र्याच्या अंगावर ओतले जाते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही औषधे कातडीतून शोषली जातात, आणि कुत्रा अंग चाटतो म्हणून पोटातही जातात. लाळ गळणे, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, झटके आणि मृत्यू हा क्रम कधीकधी काही तासांत पुरा होतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांचे जीव गेले. मोठ्या माणसाचे हे होते, तिथे दहा-बारा किलोच्या जनावराचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. घराघरांत शिंपडले जाणारे डायक्लोरव्हॉस भारतात २०२० च्या अखेरीस बंद झाले, बीएचसीची भुकटी तर १९९७ पासूनच बंद आहे. तरी जुन्या डब्यांतून ती अधूनमधून बाहेर निघते. फिप्रोनिल शेतीतही वापरतात, पण नाव एकच असले तरी शेतीच्या बाटलीतले प्रमाण आणि द्रावक वेगळे असतात. रॉकेल चोळल्याने कातडी भाजते. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, कुत्र्याच्या रक्तपेशींना मात्र इजा होऊ शकते. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी निरुपद्रवी असली तरी कोशापर्यंत पोचत नाही.

असे विष चुकून अंगावर पडलेच, तर भरपूर साबण-पाण्याने धुवून, बाटली सोबत घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. प्रकरण हाताबाहेर गेल्यास जिल्ह्याला जवळची मोठी संस्था म्हणजे अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था.

घरातले काम कुत्र्याला औषध दिले त्याच दिवशी सुरू करायला हवे. कुत्र्याचे गोणपाट, जुनी गोधडी, पायपुसणी उकळत्या पाण्यात भिजवून धुवावीत आणि कडक उन्हात पत्र्यावर टाकावीत. उन्हाळ्यातला तापलेला पत्रा हे फुकटचे उत्तम औषध आहे. खाटेखालची, कपाटामागची, उंबऱ्यालगतची जागा रोज झाडावी. केर अंगणात उधळला तर अंडी-अळ्या फक्त घर बदलतात. तो साबणाच्या पाण्यात बुडवावा किंवा जाळावा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर अधिक चांगले. मातीच्या जमिनीला आधी झाडून भेगा बुजवाव्यात, मग पातळ सारवण करून दारे-खिडक्या उघडी ठेवून वाळू द्यावे. भेगांवरून ओले, जाड सारवण करणे म्हणजे अळ्यांना ओलावा पुरवणे. गोठ्यातला लेंड्यांचा आणि कुटाराचा जुना थर काढून उकिरड्यावर न्यावा आणि ऊन-वारा येईल अशी जागा मोकळी करावी. घरात फवारणी करायचीच असेल तर पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीनसारखे अंडी-अळ्यांची वाढ रोखणारे घटक असलेले, घरगुती वापरासाठीचेच औषध घ्यावे.

यानंतर बहुतेकांचा धीर सुटतो. सगळे करूनही दहा-पंधरा दिवसांनी पिसवा पुन्हा दिसतात, त्याचे कारण कोश. कोशातल्या पिसवेपर्यंत फवारा पोचत नाही आणि ती अनुकूल वेळेची वाट पाहत महिनोन्महिने आत राहू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेले कुटुंब बंद घराचे कुलूप काढते आणि घोट्यांवर एकदम पिसवांचा हल्ला होतो, त्याचे रहस्य हेच. म्हणून पहिल्या महिन्यात दिसणाऱ्या नव्या पिसवा औषध फसल्याची खूण नसतात. कुत्र्यावर औषधाचा असर असेल तर त्या त्याच्यावर चढून मरतात आणि अंडी घालायची राहतात. घरच्या सर्व कुत्र्या-मांजरांचे औषध किमान तीन महिने न चुकता चालू ठेवले, तर जमिनीतला साठा संपत येतो.

पिसवा माणसालाही चावतात, बहुतेक घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, ओळीने. कुत्र्यातल्या डायपिलिडियम या फीतकृमीची अळी पिसवेच्या पोटात वाढते. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि त्याच्या विष्ठेत काकडीच्या बियांसारखे तुकडे दिसू लागतात. रांगते मूलही अशी पिसू गिळू शकते, म्हणून कुत्र्याला पिसवांच्या औषधाबरोबर प्राझिक्वांटेलचीही गोळी देतात. १८९६ मध्ये मुंबईत उतरलेल्या प्लेगमुळे मराठी मनात पिसवेचा धसका बसला, पण १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दोषी धरली ती उंदरांवरची पिसू, झेनोप्सिला. कुत्र्याच्या पिसवेवरून प्लेगची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र उंदीर असलेल्या घरात दोन्ही पिसवा एकत्र नांदू शकतात.

काम संपले की नाही हे पाहायला गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून कुत्र्याच्या जागेभोवती पाच-दहा मिनिटे रेंगाळावे. भुकेल्या पिसवा मोज्यांवर चढून काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवली तर तीतही काही पडतात, पण त्यातून फक्त अंदाज येतो, नायनाट होत नाही. घाटावर असो की घाटाखाली, मोज्यांची ही तपासणी रोहिणीच्या नक्षत्रात एकदा आणि दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला करावी.