जगातले अवघड रस्ते



आमच्या गावाला तालुक्याहून यायचे तर घाट उतरावा लागतो. घाटाला नऊ वळणे आहेत. मी दोनदा मोजली. पहिल्यांदा आठच भरली, कारण मध्येच भीती वाटून मी डोळे मिटले होते. मला वाटायचे, आमचाच घाट जगात सगळ्यात अवघड. तसे मी वर्गात म्हणालो तर गुरुजी हसले आणि म्हणाले, "आधी जग बघ, मग बोल." त्यांनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला आणि एकेक देश दाखवला. तेव्हा जे समजले ते मी येथे लिहीत आहे.

१. बोलिव्हियाचा मरणाचा रस्ता

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. त्या देशाला समुद्र नाही, पण डोंगर फार मोठे आहेत. तिथे ला पाझ नावाचे शहर आहे. त्या शहरातून कोरोइको गावाकडे जो जुना रस्ता उतरतो, त्याला लोक मरणाचा रस्ता म्हणतात. १९९५ साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने त्याला जगातला सर्वांत धोक्याचा रस्ता म्हटले.

हा रस्ता सुमारे ६४ किलोमीटर आहे. तो सुमारे ४,६५० मीटर उंचीच्या खिंडीतून निघतो आणि सुमारे १,२०० मीटरपर्यंत खाली येतो. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर ती खिंड होईल. वर थंडीने हात गारठतात आणि खाली गरम जंगल. एकाच दिवसात हिवाळा आणि उन्हाळा!

हा रस्ता १९३० च्या दशकात बांधला. त्या वेळी बोलिव्हिया आणि पॅराग्वे या देशांचे युद्ध चालू होते. पकडलेल्या पॅराग्वेच्या सैनिकांकडून रस्त्याचे काम करून घेतले. मला ते वाचून वाईट वाटले.

हा रस्ता बऱ्याच ठिकाणी ३ मीटरच रुंद आहे. ३ मीटर म्हणजे किती ते कळावे म्हणून आम्ही मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. आपली एसटी साधारण अडीच मीटर रुंद असते. म्हणून आम्ही अडीच मीटरची काठी दोन्ही रेघांच्या मध्ये आडवी धरली. उरली फक्त अर्धा मीटर जागा, म्हणजे दोन फूटपट्ट्यासुद्धा नाही. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला शेकडो मीटर खोल दरी. बहुतेक ठिकाणी कठडा नाही. वरून झऱ्यांचे पाणी रस्त्यावर पडते, धुके येते, चिखल होतो आणि दरडीही कोसळतात. पूर्वी या रस्त्यावर दरवर्षी २०० ते ३०० माणसे मरत असा अंदाज सांगतात. २४ जुलै १९८३ रोजी एक बस दरीत गेली आणि १०० हून जास्त माणसे मेली. रस्त्याच्या कडेला जागोजाग क्रूस उभे आहेत.

मग लोक त्या रस्त्याने जात का होते? कारण खालच्या भागात फळे आणि कॉफी पिकते आणि बाजार वर शहरात. आपले लोक भाजी घेऊन तालुक्याला जातात तसेच ते.

त्या रस्त्याचे दोन नियम मला फार आवडले. पहिला नियम असा की समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरणाऱ्याने दरीच्या कडेला थांबायचे. दुसरा नियम गमतीचा आहे. बोलिव्हियात सगळीकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो. फक्त या रस्त्यावर गाडी डावीकडून चालवायची. कारण उतरताना दरी डाव्या हाताला येते, आणि ड्रायव्हरला खिडकीतून मान काढून आपले चाक कडेपासून किती लांब आहे ते दिसते. किती हुशारी आहे पाहा!

२००६ सालापर्यंत दुसरा नवीन रुंद रस्ता तयार झाला. आता मोठ्या गाड्या बहुतेक त्याच रस्त्याने जातात. जुन्या रस्त्यावर परदेशी पाहुणे सायकली चालवायला येतात. मला सायकल दिली तरी मी जाणार नाही.

२. पाण्याखाली जाणारा रस्ता

फ्रान्स देशात एका बेटावर जायला समुद्रातून रस्ता आहे. बेटाचे नाव न्वारमूत्ये आणि रस्त्याचे नाव ग्वा. रस्ता चार किलोमीटरहून थोडा लांब आहे. ओहोटी असली की रस्ता उघडा पडतो. लोक गाडीने, सायकलने, पायी जातात. भरती आली की अख्खा रस्ता पाण्यात बुडतो. दिवसातून दोनदा बुडतो आणि दोनदा वर येतो.

भरती चंद्राच्या ओढीमुळे येते. ती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, म्हणून काल ज्या वेळेला गेलो त्याच वेळेला आज जाऊन चालत नाही. म्हणून रस्त्याच्या दोन्ही टोकांना वेळांचे फलक लावले आहेत. तरी काही जण घाई करतात आणि मध्ये अडकतात. त्यांच्यासाठी रस्त्यात उंच खांब उभे केले आहेत. गाडी सोडायची, खांबावर चढायचे आणि बसून राहायचे. गाडी मात्र पाण्यात!

१९७१ साली बेटावर जायला पूल झाला. पण जुना रस्ताही अजून चालू आहे.

माझ्या मावशीचे गाव कोकणात आहे. तिथले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून सुमारे तीन वाजता भरती. पावकी-पाऊणकी कशाला पाठ करायची असे मला वाटायचे. आता कळले.

३. गावकऱ्यांनी कोरलेला रस्ता

चीनमध्ये हेनान प्रांतात ताइहांग डोंगरावर ग्वोलियांग नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या कडेला उभा कडा. खाली जायला कड्यात खोदलेल्या पायऱ्या होत्या. आजारी माणसाला त्या पायऱ्यांवरून न्यायचे म्हणजे किती हाल!

शेवटी गावकऱ्यांनी ठरवले की कड्याच्या पोटातून रस्ता काढायचा. त्यांनी शेळ्या आणि रानातली औषधी झाडपाला विकून हातोडे व छिन्न्या आणल्या. १९७२ साली १३ गावकऱ्यांनी काम सुरू केले. काही जण काम करताना मेले, पण बाकीच्यांनी काम सोडले नाही. १९७७ साली रस्ता झाला. तो सुमारे १,२०० मीटर लांब, ५ मीटर उंच आणि ४ मीटर रुंद बोगदा आहे. बोगद्याला ३० हून जास्त खिडक्या आहेत. फोडलेला दगड त्यांतूनच बाहेर ढकलला. आता त्यांतून उजेड येतो.

४. एका माणसाने केलेला रस्ता

हा रस्ता आपल्या भारतातला आहे. बिहार राज्यात गयेजवळ गेहलौर गाव आहे. तिथे दशरथ मांझी नावाचे गरीब मजूर राहत होते. गाव आणि दवाखाना यांच्यामध्ये डोंगर होता. त्यांच्या बायकोला वेळेवर औषधपाणी मिळाले नाही आणि त्या वारल्या. तेव्हा मांझींनी हातोडा आणि छिन्नी घेऊन १९६० साली डोंगर फोडायला घेतला. लोक त्यांना वेडा म्हणाले. १९८२ साली वाट झाली. २२ वर्षे लागली!

ती वाट ११० मीटर लांब आणि सुमारे ९ मीटर रुंद आहे. आम्ही टेपाने मोजले. शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत ११० मीटर भरतात. ते अंतर मी पळत अर्ध्या मिनिटात गेलो. आधी ५५ किलोमीटर वळसा होता, तो १५ किलोमीटर झाला. मांझी २००७ साली वारले. २०१६ साली त्यांचे पोस्टाचे तिकीट निघाले.

५. रस्ता धोक्याचा कशामुळे होतो?

माझे मामा एसटीचे ड्रायव्हर आहेत. मी त्यांना बोलिव्हियाचा नियम सांगितला. ते म्हणाले, "अरे, हा आपल्याकडं पण आहे." आपल्या मोटारीच्या नियमांतही लिहिले आहे की अरुंद घाटात उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते, ती मागे घसरू शकते.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि मग लागत नाही. म्हणून ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचे. आणि गाडीत जास्त माणसे भरली की गाडी जड होते, लवकर थांबत नाही. वळणावर एका बाजूला कलते.

म्हणजे अरुंद वाट, पाऊस, धुके, दरड ही कारणे आहेतच. ती आपल्या हातात नाहीत. पण घाई आणि जास्त माणसे ही दोन कारणे आपल्याच हातात आहेत.

आता शेवटचे लिहितो. आमच्या गावातून शुक्रवारी बाजाराला वडापची जीप जाते. आत माणसे दाटीने बसतात आणि चार-पाच जण मागे लटकतात. माझे आबा पण लटकतात. एसटीची वाट बघायला वेळ नसतो असे ते म्हणतात. गेल्या श्रावणात घाटात दरड पडली तेव्हा आबा रात्री अकरा वाजता घरी आले. तोपर्यंत आई उंबऱ्यावर बसून होती. भाकरी तशीच राहिली. मी झोपल्याचे सोंग केले होते, पण मी जागा होतो.

बोलिव्हियातल्या लोकांना कित्येक वर्षे दुसरा रस्ता नव्हता. आपल्याला एसटी आहे, फक्त एक तास उशिरा आहे. म्हणून सर्व पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की जीपला लटकून येऊ नका. उशीर झाला तरी चालेल.

आबा आज शाळेत येणार आहेत. हा कागद मी त्यांना वाचता येईल एवढ्या उंचीवर लावायला गुरुजींना सांगितले आहे.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी