कुंडातलं पाणी कोण तापवतं?

ताईंनो, सहलीचा विषय निघाला की वज्रेश्वरी-गणेशपुरीचं नाव येतंच. आणि मग प्रश्न येतो: तिथं ना चूल ना बंब, मग पाणी गरम कसं? काहीजणी म्हणतात, खाली ज्वालामुखी आहे. तसं नाही. आपला काळा दगड लाव्ह्याचाच आहे, पण तो सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग कधीच निवली.

उष्णता येते कुठून?

दोन वाटांनी. पृथ्वी साधारण 450 कोटी वर्षांपूर्वी तयार झाली, तेव्हा मोठमोठे खडक एकमेकांवर आदळून ती तापली. त्यातली बरीच उष्णता अजून पोटात आहे. दुसरं म्हणजे खडकांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम थोडं थोडं असतं. त्यांतले काही अणू सावकाश फुटतात आणि उष्णता सोडतात. म्हणजे राखेखाली जुना निखारा, वर रोजचं थोडं नवं सरपण!

ती वर कशी येते?

उलथनं तव्यात राहिलं की दांडाही तापतो ना? जमिनीच्या कठीण कवचातून उष्णता तशीच दगडातून दगडात सरकते, पण फार हळू. त्याखालचा खडक घट्ट असूनही वर्षाला काही सेंटिमीटर हलतो. आधणातलं तळचं गरम पाणी वर येतं, वरचं खाली जातं, तसंच.

कुंडाची गोष्ट सोपी आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश उष्णता वाढते. तापलेलं पाणी हलकं होऊन दुसऱ्या भेगेतून वर येतं. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी 70 अंशांच्या आसपास असतं, म्हणजे ते दीड किलोमीटरहून खोल जाऊन आलेलं. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे या गावांच्या नावांतच ‘ऊन पाणी’ आहे, बघा.

जाताना एवढं लक्षात ठेवा

70 अंशांचं पाणी क्षणात भाजतं. सगळी कुंडं सारखी नसतात, म्हणून आधी स्थानिक लोकांना विचारा आणि लेकरांचा हात सोडू नका. भाजलंच तर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी घाला. टूथपेस्ट, हळद लावू नका, दवाखाना गाठा. आणि कुंडात आंघोळ केली म्हणून साखरेची, बीपीची किंवा त्वचेची गोळी कुणी बंद करू नका. अंग शेकलं की बरं वाटतं, पण ते औषध नव्हे.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. सहल ठरवायच्या आधी!