घरकुल मार्ट : दुकान गटाचं, घर शेजारणीचं



आपल्या गावात एक तरी घर असं असतं, की भिंती खांद्याइतक्या उठल्यात आणि काम तिथंच थांबलंय. विटांवर शेवाळ, सळया गंजलेल्या, आणि माणसं बाजूलाच ताडपत्रीच्या पालात. आपण जाता-येता म्हणतो, "हप्ता खाऊन टाकला असेल." एकदा थांबून त्या बाईलाच विचारा. ती सांगेल, पहिल्या हप्त्यात पायासुद्धा पुरा झाला नाही. पुढचं सामान उधार मागितलं तर दुकानदाराने गोणीमागे जास्त पैसे लावले. तालुक्यावरून आणायचं तर गाडीभाडं वेगळं. तेवढ्यात पाऊस आला, मग ऊसतोडीला जायची वेळ झाली. घर राहिलं ते राहिलंच.

ज्यांचं आयुष्य पालात, झोपडीत नाहीतर दुसऱ्याच्या पडवीत गेलं, त्यांच्याकडे साठवलेला पैसा कुठून असणार? सरकारी मदत टप्प्याटप्प्याने येते, खर्च मात्र आधी करावा लागतो. ही मधली फट गावातलाच धंदा बुजवू शकतो, आणि तो धंदा आपल्या गटाचा असू शकतो. त्याचं नाव घरकुल मार्ट.

मार्ट म्हणजे काय?

२० नोव्हेंबर २०२० ला राज्यात 'महा आवास अभियान – ग्रामीण' सुरू झालं. घरकुलाचं सामान गावाजवळ, एकाच ठिकाणी आणि वाजवी भावात मिळावं म्हणून त्यात घरकुल मार्टवर भर दिला गेला. बचत गटांतल्या, 'उमेद'मधल्या महिलांनी हे मार्ट चालवायला घेतले. सिमेंट, सळई, विटा, पत्रे, दारं-खिडक्या, संडासाचं भांडं, पाईप असं सामान तिथं ठेवतात. ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ एकत्र मागणी नोंदवतो, म्हणून घाऊक भाव मिळतो आणि गाडी एकाच खेपेत चार घरांचं सामान आणते.

आधी पैशाची वाट समजून घ्या

प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये असतात. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाची जागा धरून. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यासाठी तहसील कार्यालयातून पास घ्यावा लागतो.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाख रुपयांपर्यंत मदत होते. रमाई, शबरी, पारधी आवास आणि यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या राज्याच्या योजनाही आहेत. आपली पात्रता कुठल्या योजनेत बसते, ते ग्रामसेवकाला विचारा.

पैसे हप्त्याने थेट लाभार्थीच्या खात्यात पडतात. बांधकामाच्या टप्प्याचा फोटो जागेवरून मोबाईलमध्ये काढून चढवला, की पुढचा हप्ता मिळतो. म्हणजे पाया झाल्याशिवाय पायानंतरचा हप्ता नाही, आणि सामान असल्याशिवाय पाया नाही. मार्टची खरी गरज नेमकी इथं आहे. आज पाच गोण्या वेळेवर मिळाल्या तर काम पुढे सरकतं, फोटो जातो, हप्ता येतो आणि आपली उधारीही वसूल होते.

उधारी द्यायची, पण बेतानं

मार्ट उधारीत अडकू शकतो. एक हिशोब करून बघू. समजा, मार्टचं भांडवल २ लाख आहे. दहा घरांना प्रत्येकी ३० हजारांचं सामान उधार दिलं तर ३ लाख होतात. म्हणजे सातव्या घरालाच गल्ला रिकामा. त्यातले दोन हप्ते लांबले, की सिमेंटवाला आपल्या दारात.

म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत आधीच ठराव करा:

• एका घराला एका टप्प्यापुरतीच उधारी. आधीची चुकल्याशिवाय पुढची नाही.
• एकूण उधारी भांडवलाच्या निम्म्यावर जाऊ द्यायची नाही.
• प्रत्येक उधारी वहीत आणि लाभार्थीच्या कार्डावर, दोन्हीकडे लिहायची. सही किंवा अंगठा घ्यायचा.
• उधारीचा आणि रोखीचा भाव एकच. गोणीमागे गुपचूप दहा रुपये वाढवायचे, तर आपल्यात आणि त्या दुकानदारात फरक काय?

दुसरा हिशोब नफ्याचा. समजा, गोणी ३५० ला घेतली. गाडी १२, हमाली ३. घरात पडली ३६५ ला. ३७२ ला विकली तर ७ रुपये सुटले. शंभर गोण्यांना ७०० रुपये. त्यात भाडं, वीजबिल आणि दुकानावर बसणाऱ्या ताईचा मेहनताना निघतो का? निघत नसेल तर नुसत्या सिमेंटवर दुकान चालणार नाही. पाईप, नळ, रंग, दारं-खिडक्या ठेवा आणि सगळ्या गावाला विका. गावाच्या गिऱ्हाइकीवर दुकान उभं राहील, तेव्हाच घरकुलवाल्यांना सांभाळून घेता येईल. विटाही विकणाऱ्या दुकानाची वर्षाची विक्री २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, हे ध्यानात ठेवा.

माल पारखून घ्या

गरिबाचं घर आयुष्यात एकदाच बांधलं जातं. माल हलका निघाला तर नाव आपल्या गटाचं जातं.

सिमेंट: गोणीवर आयएसआय खूण आणि तयार झाल्याचा आठवडा-वर्ष बघा. तीन महिन्यांहून जुनं घेऊ नका. ओल लागू नये म्हणून जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. दहापेक्षा जास्त गोण्यांची थप्पी नको. आधी आलेला माल आधी विका. हाताला खडे लागले तर ती गोणी बाजूला काढा.

सळई: तोलून घ्या. १२ मीटर लांबीची ८ मिलिमीटरची सळई साधारण पावणेपाच किलो, १० ची ७ किलो ४०० ग्रॅम आणि १२ ची साडेदहा किलोच्या थोडी वर भरते. वजन बरंच कमी भरलं तर सळई बारीक आहे, परत पाठवा.

वाळू: काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि वर पाणी घालून हलवा, मग तासभर ठेवा. वाळूवर मातीचा जाड थर बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

वीट: दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा.

तीन गोष्टी कधीच करायच्या नाहीत

एक: आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती. लाभार्थी कुठूनही सामान घेऊ शकते. भाव आणि माल चांगला असेल तर ती आपणहून येईल.

दोन: बांधकामाचा ठेका. या योजनेत घर लाभार्थीनेच बांधून घ्यायचं असतं, ठेकेदार चालत नाही. आपण सामान द्यावं, चांगला गवंडी कोण ते सांगावं. गावातल्या बायकांनीही गवंडीकामाचं प्रशिक्षण घेतलं तर मजुरी गावातच राहील.

तीन: कुणाचं पासबुक किंवा एटीएम कार्ड तारण म्हणून ठेवायचं नाही. "आपलीच बाई आहे, विश्वासानं ठेवलं" असं म्हणत सुरुवात होते, आणि उद्या तिचा हप्ता तिच्या हातातच पडत नाही. उधारी बुडण्याची भीती असेल तर कमी द्या, पण कार्ड ठेवू नका.

पुढच्या बैठकीत काय करायचं?

ग्रामपंचायतीतून मंजूर घरकुलांची यादी मागा. प्रत्येक घर कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा. किती गोण्या, किती सळई लागेल याचा अंदाज गवंड्याकडून घ्या. तालुक्यातल्या तीन घाऊक दुकानदारांचे भाव लेखी आणा. भांडवलाचं काय करायचं, ते तालुका अभियान कक्षात विचारा. यादी लहान असेल तर शेजारच्या दोन ग्रामसंघांना सोबत घ्या, एकट्याने गोदाम भरू नका.

आणि बैठकीला त्या पालातल्या ताईंनाही बोलवा. त्या कदाचित कुठल्याच गटात नसतील. काम कशामुळे अडलं हे त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. घर नावावर झालं, की त्यांचा पत्ता पक्का होतो. मग रेशन, शाळा, बँक सगळीकडे तोच पत्ता लागतो. गटात यायलाही.

पावसाळ्याआधी यादीतल्या एका तरी घरावर छप्पर पडू द्या. सुरुवात तिथूनच.