कमरेला पिस्तूल, हातात ग्लास

टेक्सासमधल्या कित्येक बारच्या दारावर एक पाटी असते. तिच्यावर लाल, ठसठशीत अक्षरांत ‘51%’ लिहिलेलं असतं. नवखा माणूस म्हणेल, वा, निम्म्याहून जास्त सवलत! खरा अर्थ असा की, या जागेच्या उत्पन्नातला 51 टक्के किंवा त्याहून मोठा वाटा इथे बसून प्यायल्या जाणाऱ्या दारूचा आहे, म्हणून पिस्तूल घेऊन आत याल तर गुन्हा होईल. शेजारच्या हॉटेलातही बिअर मिळते, पण तिथला गल्ला मुख्यतः स्टेकवर भरतो. तिथे मालकाने स्वतःहून मनाई केली नसेल तर ही बंदी नाही. माणूस तोच, बिअर तीच, शर्टाखाली लपवलेलं पिस्तूलही तेच. गुन्हा घडला की नाही, हे ठरतं मालकाच्या जमाखर्चावरून!

अमेरिकेत अंगावर पिस्तूल लपवून फिरणं ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. 2024 मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना यांची भर पडून अशी 29 राज्यं झाली, जिथे त्यासाठी परवानाही लागत नाही. मग साहजिकच प्रश्न येतो: अशा माणसाने संध्याकाळी मित्रांबरोबर एखादी बिअर घ्यावी का? माझं उत्तर ‘नाही’ आहे, तेही एका बिअरलासुद्धा. पण खरी गंमत उत्तरात नाही. साडेतीनशेहून जास्त वर्षं कायदे करणारे या प्रश्नाशी झटत आले आहेत, आणि त्याचं मूळ आहे आपल्या कवटीच्या आत.

इकडे जावळी स्वराज्यात आली, त्याच सुमारास म्हणजे 1655-56 मध्ये, व्हर्जिनिया या इंग्रजी वसाहतीने एक कायदा केला. पिण्याच्या बैठकीत बंदुकीचे बार काढायचे नाहीत. काढले तर दंड शंभर पौंड तंबाखू, म्हणजे सुमारे 45 किलो. कारण व्यावहारिक होतं. मूळ रहिवाशांचा हल्ला झाला की वस्त्यांना खबर द्यायची ती बंदुकीच्या आवाजानेच. दारू पिऊन रोज कोणी ना कोणी बार काढायला लागला, तर खरा इशारा ओळखायचा कसा? त्या कायद्यात दोनच सवलती होत्या: लग्न आणि मयत. आपल्याकडे गाडी नेमकी उलट्या दिशेने गेली. वरातीतल्या गोळीबारात माणसं मरू लागली, म्हणून शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने आनंदाप्रीत्यर्थ बेफिकिरीने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला गेला.

पुढे ‘वाइल्ड वेस्ट’ आलं. सिनेमांनी आपल्या मनात एक चित्र कोरून ठेवलंय: कमरेला रिव्हॉल्व्हर लटकावून काउबॉय सलूनमध्ये शिरतो आणि व्हिस्की मागतो. प्रत्यक्षात त्यातल्या अनेक गावांत शस्त्र घेऊन हिंडायला बंदी होती. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावाने 1881 मध्ये तसा ठरावच केला. त्या वर्षीच्या 25 ऑक्टोबरच्या रात्री आइक क्लँटन नावाचा गुरांचा धंदेवाला पीत पीत पत्ते कुटत बसला. टेबलावर इतरांबरोबर गावाचा पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्पही होता! डाव उजाडेपर्यंत चालला. क्लँटन झोपायला गेलाच नाही. रायफल आणि रिव्हॉल्व्हर घेऊन तो अर्प मंडळींना शिव्या-धमक्या देत गावभर फिरू लागला. व्हर्जिलने मागून येऊन पिस्तुलाने त्याचं टाळकं सडकलं, शस्त्रं काढून घेतली आणि त्याला न्यायाधीशापुढे उभं केलं. दंड झाला 25 डॉलर आणि वर खर्च. त्याच दुपारी अर्प मंडळी आणि क्लँटनचे साथीदार यांच्यात ओके कोरलजवळची ती प्रसिद्ध चकमक झाली. अर्ध्या मिनिटात तीन माणसं मेली. आइक निःशस्त्र होता, पळाला आणि वाचला.

दारू, रात्रभराचं जागरण, अपमान, हत्यार आणि कोर्टात भरलेला दंड. आज अमेरिकेतल्या कुठल्याही पोलीस चौकीला हा क्रम ओळखीचा वाटेल.

आजच्या कायद्यांचं चित्र मात्र गोधडीसारखं आहे. टेनेसीत 2009 मध्ये दारू देणाऱ्या हॉटेलांत पिस्तूल न्यायला परवानगी मिळाली. गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो झुगारला. अट एकच होती, ज्याच्याकडे पिस्तूल आहे त्याने प्यायची नाही. व्हर्जिनियाने 2010 मध्ये तेच केलं, पण अट लपवलेल्या पिस्तुलापुरती घातली. कोट काढून पिस्तूल सगळ्यांना दिसेल असं लावलं, तर ते कलम लागू होत नव्हतं. फ्लॉरिडात नशेत भरलेलं पिस्तूल हाती घेणं गुन्हा आहे, पण स्वसंरक्षणासाठी घेतलं असेल तर सूट. सुट्टीवरच्या आणि निवृत्त पोलिसांना देशभर पिस्तूल लपवून बाळगायची मुभा देणारा केंद्रीय कायदा 2004 चा. त्यातही दारूच्या अमलाखाली असाल तर ती मुभा संपते.

मला सर्वांत विचारी वाटतो तो मिशिगनचा कायदा. तिथे रक्तातलं अल्कोहोल 0.02 टक्क्यावर गेलं की लपवलेलं पिस्तूल बाळगणं कायद्याविरुद्ध ठरतं. पुढे 0.08 आणि 0.10 अशा पायऱ्या आहेत, आणि दर पायरीला शिक्षा वाढते. परवाना घेतला याचाच अर्थ पोलिसांच्या चाचणीला आधीच संमती दिली, असं तो कायदा मानतो. तुलनाच करायची तर, त्याच राज्यात गाडी चालवायची मर्यादा 0.08 आहे आणि आपल्याकडे 0.03. म्हणजे मिशिगनचा पिस्तूलवाला आपल्या ड्रायव्हरपेक्षाही कडक मापाने मोजला जातो. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी साडेतीनशे मिलीची एक साधी बिअर झटपट संपवली, तरी तो या 0.02 च्या रेघेवर किंवा तिच्या जरा पलीकडे पोचतो. हा आकडा मनात आला म्हणून घातलेला नाही. ‘एकसुद्धा नको’ हे त्यात गणिताने सांगितलंय.

आता कवटीच्या आत शिरू. अल्कोहोल मेंदूत दोन कामं एकदम करतं. पेशींना ‘थांबा’ सांगणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर ते वाढवतं आणि ‘चला’ सांगणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करतं. म्हणजे खरं तर हे मेंदू मंदावणारं द्रव्य. मग प्यायलेला माणूस मोकाट का सुटतो? कारण मंदावण्यात कपाळामागचा भागही येतो, आणि ‘हे करू नकोस’ असं सतत बजावत राहणं हे त्याचं काम. पहारेकरीच पेंगला की बाकी मंडळींचा गोंधळ वाढणारच.

1990 मध्ये क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी याला ‘अल्कोहोल मायोपिया’ असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं की, दारू माणसाला दुष्ट बनवत नाही, ती त्याच्या लक्षाचा परीघ आवळते. समोरची सर्वांत ठळक गोष्ट तेवढी दिसते. कडेच्या, आडबाजूच्या, नंतर घडणाऱ्या गोष्टी विरून जातात. आता पिस्तूल बाळगणाऱ्याला काय काय पाहावं लागतं ते पाहा. समोरच्याच्या हातात फोन आहे की चाकू? त्याच्या मागे कोण उभं आहे? बाहेर पडायचं दार कुठे आहे? दोन शब्द नरमाईचे बोलून हे मिटेल का? यातलं सगळं कडेचं आहे. ठळक असतो तो फक्त धक्का मारणारा माणूस आणि त्याने हासडलेली शिवी. दारू नेमकी तेवढीच दाखवते.

या सिद्धांताला एक अजब शेपूट आहे. सर्वांत ठळक गोष्ट भीतीची असेल, तर प्यायलेला माणूस शुद्धीतल्यापेक्षाही जपून वागायला हवा, नाही का? कॅनडातल्या संशोधकांनी हे बारमध्ये जाऊन तपासलं आणि निष्कर्ष 2000 मध्ये छापला. काही गिऱ्हाइकांच्या हातावर ‘एड्सने मरण येतं’ अशा अर्थाचा शिक्का मारला. तो शिक्का असलेले पिणारे निरोधाबाबत, निदान इराद्यापुरते तरी, जास्त सावध निघाले. लाल ‘51%’ पाटी इतकी ठसठशीत का, याचं एक कारण टेक्सासने ठरवून नसेल, पण नकळत पकडलं असावं असं मला उगाच वाटतं.

आणखी एक चक्रावणारी गोष्ट. यकृताला अल्कोहोल पचवण्याचा एकच संथ वेग ठाऊक असतो: साधारण तासाला 0.015. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही तो वाढत नाही. रात्री अकराला 0.10 वर असलेला माणूस पूर्ण कोरा होतो पहाटे साडेपाच-पावणेसहाला. पण त्याला स्वतःला तसं वाटत नाही. एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने कुत्र्यांना दारू पाजून प्रयोग केले आणि 1919 मध्ये नोंदवलं की, रक्तातलं प्रमाण तेवढंच असलं तरी चढताना कुत्री जास्त झिंगलेली दिसतात, उतरताना कमी. (मुडदूस हा आहारातल्या उणिवेमुळे होतो, हेही याच मेलनबीने त्याच सुमारास कुत्र्यांवरच दाखवलं. बिचारी कुत्री!) पुढे माणसांवरच्या प्रयोगांत आणखी बारीक भेद सापडला. ‘आता मी ठीक आहे’ ही जाणीव लवकर परतते, स्वतःला आवरायची ताकद मात्र रेंगाळते. पिस्तूल बाळगणारा सर्वांत जास्त भितो ती वेळ कोणती? बार बंद झाल्यावर अंधाऱ्या पार्किंगमधून एकट्याने गाडीकडे जायची. ती वेळ नेमकी या उतारावरची असते.

आवरायची ताकद का लागते, हे डेन्व्हरच्या एका बारमध्ये जून 2018 मध्ये सगळ्यांनी व्हिडिओवर पाहिलं. सुट्टीवर असलेला एफबीआयचा एक एजंट गर्दीच्या मधोमध नाचत होता. त्याने उलटी कोलांटउडी मारली आणि कमरेचं पिस्तूल फरशीवर पडलं. पडल्यावर ते उडालं नाही. त्याने झडप घालून उचललं, तेव्हा बार उडाला आणि गोळी एका गिऱ्हाइकाच्या पायात गेली. पुढे त्याने गुन्हा कबूल केला, दोन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. दारूवरून वेगळा आरोप मात्र त्याच्यावर लागला नाही, आणि मला हेच महत्त्वाचं वाटतं. आजची बहुतेक पिस्तुलं पडली तरी उडत नाहीत अशी बनवतात, पण नेहमीच्या ग्लॉकचा चाप जेमतेम अडीच किलोच्या ओढीने दबतो, आणि घाईत झेलणारं बोट नेमकं तिथेच जातं. म्हणून शिकवणारे पुन्हा पुन्हा घोकून घेतात: पिस्तूल निसटलं तर झेलू नका, पडू द्या. हात पुढे करणं ही उपजत क्रिया आहे आणि तो मागे ठेवणं हे काम. पहिल्या घोटापासून सैल होऊ लागतं ते हे मागे ठेवण्याचं कौशल्य.

मग पिणाऱ्याने पिस्तूल ठेवायचं कुठे? गाडीत, हे सोपं उत्तर. मिशिगनचा कायदाही कुलूपबंद डिकीची वाट मोकळी ठेवतो. पण गाड्यांतून चोरीला जाणारी पिस्तुलं हे अमेरिकेतलं जुनं दुखणं आहे. बारसमोर रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांत काय असू शकतं, हे चोराला सांगावं लागत नाही. तेव्हा ते घरीच ठेवावं, असं म्हणावं लागतं. इथे दुसरी, जास्त काळीकुट्ट अडचण उभी राहते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंतले निम्म्याहून जास्त आत्महत्यांचे असतात. नशेत पिस्तूल बाळगायची टेक्सासची बंदी स्वतःच्या घराला लागू नाही. दारावर पाटी लावणारे कायदे बारमधल्या अनोळखी माणसाची काळजी करतात. पण घरात एकटा बसून पिणाऱ्याला सर्वांत ठळक दिसणारी गोष्ट त्याचं त्या दिवसाचं दुःख असेल, तर परीघ आवळणारी ती दारू तिथेही तेच काम करते.

न्यू हॅम्पशायर राज्यात 2009 मध्ये एका आठवड्याच्या आत, एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांनी एकाच दुकानातून बंदूक विकत घेऊन आत्महत्या केली. त्यानंतर तिथले बंदूकविक्रेते आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र बसले. एरवी या दोन गटांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. त्यांनी दुकानांसाठी भित्तिपत्रकं आणि सूचना तयार केल्या. त्यामागची कल्पना दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या मोहिमेतून उचललेली होती. प्यायलेल्या मित्राच्या गाडीची किल्ली आपण काढून घेतो, तसंच मित्र वाईट काळातून जात असेल तर त्याची बंदूक काही दिवस आपल्याकडे ठेवायची. कायद्याची सक्ती नाही, पोलीस नाही, परवानाही रद्द होत नाही. मित्राने मित्राला विचारायचं, ‘तोवर राहू दे का माझ्याकडे?’